रुखवतातली गुलाबी मशीन

नांदेडच्या वजिराबादेत शिलाई मशीन विकणारे पैशाला पासरी, पण गिऱ्हाइकाला रागावून परत पाठवणारा एकच, वैजनाथ मिस्त्री. लातूरला मामाच्या दुकानात त्याचा हात बसलेला. मशीन दाखवायच्या आधी त्याचा सवाल ठरलेला, "काय शिवणार?" ब्लाऊज, फॉल-पिको म्हणाल तर हलकी, झिगझॅग टाका घालणारी. पिशव्या, बैलांच्या झुली, गोधड्या म्हणाल तर काळी, लोखंडी, अंगानं जड. "एकीवरच समदं होईल ना?" असं कुणी विचारलं की मेलं ते! "एका चपलेत दोघांचे पाय घालता का?" म्हणून मिस्त्री अंगावर यायचा. लोक हसायचे, पण ऐकायचे.

आणि असल्या फटकळ माणसानं नेमक्या एका पोरीच्या वेळी मूग गिळले.

पाच वर्षं झाली त्याला. ऐन लगीनसराईत भोकरकडचे अण्णाराव लेकीला, सुकन्याला घेऊन दुकानात आले. रुखवतात मांडायला मशीन हवी होती.

"काय शिवणार?" मिस्त्रीनं सवयीनं विचारलं.

"गोधड्या," पोरगी खाली बघत म्हणाली आणि काळ्या मशीनचं चाक तिनं हळूच फिरवून पाहिलं. त्या फिरवण्यातच कळत होतं, हात मुरलेला आहे. पण अण्णारावांची नजर कुठं, तर गुलाबी मशीनवर. एकवीस तऱ्हेची फुलं काढणारी, दुकानातली सगळ्यात महाग.

"हीच द्या," ते म्हणाले. "आमच्या लेकीच्या गोधड्या बघूनच पाहुण्यांनी सोयरीक धरली हाय. एवढी भारी मशीन, गोधडी काय, काय बी शिवल. न्हाई का गं?"

सुकन्यानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. काय खुललं होतं ते तोंड! "हाव अण्णा," ती म्हणाली.

बोलायचं ते मिस्त्रीनं तिथंच बोलायला हवं होतं. एरवी बोललाही असता. पण दुकानात गर्दी, बाप हरखलेला, आणि खरं सांगायचं तर महागडी मशीन खपत होती. जाऊ द्या, म्हणाला आणि खोकं बांधायला घेतलं. जन्मभराचं शहाणपण तेवढ्या घटकेला कुठं शेण खायला गेलं होतं, कुणास ठाऊक.

यंदा दिवाळी झाल्यावर एक तरुण तीच गुलाबी मशीन घेऊन दुकानात आला. बिलोलीचा संगमेश, सुकन्याचा नवरा.

"विकायची हाय. घरात कुणाला शिवता येत न्हाई."

"का? तुमच्या बायकोला येतं की."

संगमेश कसनुसं हसला. "कुठलं काय! लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आईनं गोधडी शिवायला सांगितली, तर चार सुया मोडून बसली. तिच्या आईच्या गोधड्या हिच्या म्हणून दाखवल्या, असं झालं मग. मांडवपरतणीला तिचे वडील न्यायला आले, तर आमच्या आईनं चारचौघांत त्यांना खोटारडं म्हणलं."

मिस्त्रीनं मशीन आडवी केली आणि खालून उघडली. आत जाड दोऱ्याचा गुंता आणि सुईचं मोडकं टोक. त्याला सगळा उलगडा झाला. पोरीची अब्रू गेली होती, आणि ती आपल्यामुळं गेली होती. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून, काळी मशीन टेम्पोत टाकून तो बिलोलीला पोचला. ओसरीवर सुकन्याच्या सासूबाई, तुळजाबाई, तूर निवडत होत्या.

"माय, तुमची सून खरी हाय," मिस्त्रीनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "अण्णाराव बी खोटं बोलले न्हाईत. मशीनच चुकीची दिली मी. ती नाजूक कामाची. गोधडीत तिच्या सुया मोडणारच."

तुळजाबाईंनी जुनी लुगडी काढून सुनेला हाक मारली. सुकन्या आली, मिस्त्रीला ओळखून दारातच थबकली. मग मिस्त्रीनं ओसरीवर उतरवलेल्या काळ्या मशीनवर बसली. लुगड्यांचे पाच पदर केले, सुईखाली धरले आणि पाय चालवायला लागली. टाका या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेला. तुळजाबाई वाकून बघतच राहिल्या.

"अगं माय! मग तवाच का न्हाई सांगितलंस, मशीन चुकीची हाय म्हणून?"

"अण्णांनी लई हौसेनं घेतली होती," सुकन्या म्हणाली. "त्यांना कळलं न्हाई असं समद्यांपुढं कसं म्हणू? म्हणलं, मलाच येत न्हाई असं समजू द्या."

मिस्त्रीला मान वर करवेना. "उद्याच भोकरला जातो, पोरी. अण्णारावांचे पाय धरतो. चूक माझी होती, त्यांच्या तोंडावर सांगतो."

सुकन्याचे पाय थांबले.

"अण्णा श्रावणात गेले, काका. शेवटच्या दिवसांत मी उशाला बसले होते. मला म्हणले, 'सुकन्ये, तुला तर येत होतं. मग माझी मान खाली घालायला का गं लावलीस?'" तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् मी तवा बी न्हाई सांगितलं."