डोमाजीच्या चपला

बाजारहत्नूरच्या वाटेवरच्या वृद्धनिवासात काय नाही? प्रत्येकाला खोली, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, अंगणापलीकडे दवाखाना. तरी तिथल्या नीलिमा सिस्टरनं विचारलं की म्हाताऱ्यांचं एकच उत्तर, "बरं हाय." घरी नुसतं खोकलं तरी तोंडं वाकडी झालेली त्यांनी पाहिली होती. दुखणं कळलं तर इथूनही धाडून देतील, ही धास्ती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे असं!

निवास सांभाळणाऱ्या मनकर्णाबाई मोठ्या धीराच्या. उमेदीची वर्षं दुसऱ्याचा कापूस वेचण्यात गेली, मग वसतिगृहात भाकरी थापल्या. पण त्यांच्याही पिठाच्या डब्यामागे शुगरच्या गोळ्या होत्या, गुपचूप आणलेल्या. आजारी बाईला कामावर कोण ठेवील?

स्वयंपाकघरात जाताना चपला बाहेर काढायच्या, ही तिथली रीत. हल्ली निवासातला डोमाजी ताट घेऊन लिंबाखाली बसू लागला. "आत गरम होते," म्हणे. ऐन थंडीत! बाई आपलं ताट घेऊन शेजारी जाऊन बसल्या.

"दादा, चप्पल काढा."

"काऊन?"

"काढा म्हनते ना."

चपलेत चिंधी होती आणि चिंधीखाली चिघळलेली जखम.

"सिस्टरले सांगू नका, बाई. इथून काढलं तर जाऊ कुठं?"

न सांगावं तर पाय जाणार. ओढत न्यावं तर बाकीचे आपली दुखणी आणखी लपवणार. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्या उठल्या आणि डब्यामागची पुडी घेऊन आल्या.

"चला. आधी मी सांगते, मंग तुमी. काढलं तर दोघालेबी काढतीन."

जेवण टाकून सगळे मागोमाग आले; त्यांच्यादेखत बाईंनी दवाखान्याच्या ओट्यावर पुडी ठेवली. "सिस्टर, मले शुगर हाय. लपवून राह्यली होती मी." अशा माणसाला हात जोडावेत, दुसरं काय!

सिस्टर भडकली. "दुखते त्याच्यासाठीच तर मी इथं बसली! उद्यापासून गोळी माह्यासमोर घ्यायची, बाई. न् काम सोडायचं नाही." मग तिनं डोमाजीचा पाय धुतला. वेळेत आला होता, वाचणार होता.

"आनखी कोनाचं काही दुखते?"

 जमलेल्यांतल्या बयनाबाईंनी हळूच गुडघा पुढे केला. पाठोपाठ कोणाची कंबर निघाली, कोणाची छाती, कोणाचा कान. सिस्टरचा चहा निवून गेला.

मनकर्णाबाई ओट्यावरून ओरडत होत्या, "रांगेत या, रांगेत! बरं हाय म्हननारे सारे मागं उभे राहा!"