पोरक्या मशीनची मावशी

तिला सगळे मावशी म्हणत, आणि हे नातं तिला मशीनमुळे मिळालं होतं. कंपनी बुडाली, तिथला फोन कुणी उचलेना, मशीनची माहिती कुणी देईना आणि नवा कॉम्प्युटर जुन्या मशीनला ओळख दाखवेना, की लोक ते मशीन पिशवीत घालून हिच्या दारात हजर. बेकरीचा वजनकाटा, शिंप्याचं भरतकामाचं मशीन, दवाखान्यातला लेबलं छापणारा प्रिंटर. "माय मरो पण मावशी जगो," असं बेकरीवाला एकदा वजनकाट्याकडे बघून म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं काम दुभाष्याचं. कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कंपनी देते. कंपनीच उरली नाही तर तो नव्याने लिहावा लागतो, आणि तोही मशीनची भाषा कुणी शिकवलेली नसताना. मावशीची पद्धत ठरलेली. वायरीला कान लावून बसायचं. मशीनकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायची, वायरीतून जाणारे आकडे टिपायचे, मग दुसरी गोष्ट करायला लावायची आणि आकड्यांत काय बदललं ते बघायचं. "तेच ते, तेच ते," असं ती पुटपुटत राहायची. शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठायचं, पण मशीन बोलतं व्हायचं. नियम मात्र एक होता: अर्थ न कळलेला आदेश मशीनला पाठवायचा नाही. पाठवायचाच झाला तर भंगारातून तसंच दुसरं मशीन शोधून आणायचं आणि आधी त्याचा बळी द्यायचा.

या वेळी दुसरं मशीन कुठेच मिळालं नव्हतं, आणि गिऱ्हाईक घरचंच होतं.

गिऱ्हाईक म्हणजे तिचा थोरला भाऊ. जन्मभर सुतारकाम केलेला, तोंडाचा फटकळ. आजारात त्याचे हात गेले, पाय गेले, मग आवाजही गेला. उरले डोळे. पडद्याखाली बसवलेली एक काळी पट्टी त्याची नजर टिपायची. पडद्यावर शब्दांचे चौकोन होते: पाणी, उजेड, कूस, खोकला, असे रांगेने. तो ज्यावर नजर रोखेल तो शब्द कॉम्प्युटर मोठ्याने म्हणायचा. अगदी खाली त्याने हट्टाने मागून घेतलेला एक चौकोन होता, "पुरे." तो इतक्यांदा वाजायचा की वहिनी वैतागायची. "ताई, तेवढा एक काढून टाका हो. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

पट्टीची कंपनी बुडून गेली होती. जुना लॅपटॉप आचके देत होता, आणि नवा कॉम्प्युटर पट्टीला ओळखत नव्हता. म्हणून मावशी रोज दुपारी दादाच्या पलंगाशी येऊन बसायची. "डावीकडचा पहिला बघ. परत. परत. आता शेजारचा." दादा एकेका चौकोनावर तीनतीनदा नजर टाकत रांग पुरी करायचा आणि मध्येच खोडसाळपणे "पुरे" वाजवायचा.

बहुतेक भाषा तिला उमगली. एकच आदेश अडून बसला. लॅपटॉप सुरू होताना तो आदेश जायचा आणि त्यानंतरच पट्टीचा दिवा लागायचा. त्याच्यासोबत आकड्यांचं एक गाठोडं जायचं आणि ते रोज थोडं वेगळं असायचं. त्याचा अर्थ "जागी हो" एवढाच असेल, किंवा "आधीचं पुसून हे लिही" असाही असेल. पट्टीत दादाच्या नजरेची मापं साठवलेली होती, त्याचे डोळे नीट फिरत होते तेव्हा घेतलेली. कंपनीच्या पद्धतीने ती पुन्हा घ्यायची तर पडद्याचे चारही कोपरे बघावे लागत, आणि दादाची नजर आता कोपऱ्यांपर्यंत पोचत नव्हती. मापं गेली की त्याचं बोलणं गेलं.

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" वहिनी म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका."

"चालतंय कुठे, रखडतंय. उद्या बंद पडलं म्हणजे?"

"उद्याचं उद्या बघू. तुमच्या हातून आजच गेलं तर? तुमचं एक मशीन जाईल, ताई. माझ्या घरातला माणूस मुका होईल."

मावशीचा पारा चढला. "का, माझा भाऊ नाही तो?"

"पुरे," लॅपटॉप म्हणाला. "पुरे. पु"

आणि पडदा काळा झाला.

मावशीने चार्जर बदलला, बॅटरी काढून घातली, शेवटी मागचं झाकण उघडलं. आत जळका वास होता. तिने झाकण पुन्हा लावलं, पण स्क्रू बसवले नाहीत. वहिनी दादाच्या अंगावरची चादर सारखी करत होती, जी आधीच सारखी होती.

"वहिनी, आता नवाच कॉम्प्युटर. तो आदेश पाठवू का?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

मावशी दादाच्या समोर बसली. वर बघितलं म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. "दादा, एक आदेश मला कळलेला नाही. पाठवला तर पट्टी जागी होईल, नाहीतर तुझी मापं पुसली जातील. नाही पाठवला तर ती अशीच पडून राहील. खरं सांगते, मला भीती वाटतेय. पाठवू?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वर बघितलं.

तिने आदल्या दिवशी टिपलेलं गाठोडं जोडलं आणि आदेश पाठवला. पट्टीचा दिवा लागला. पडद्यावरचा ठिपका हलला, थरथरला, थांबला.

"उजेड," नवा कॉम्प्युटर म्हणाला.

वहिनीने धावत जाऊन खिडकीचा पडदा सारला. दादाने डोळे घट्ट मिटले. नाही.

"उजेड. उजेड."

"अहो, उघडला की!"

"कूस." वहिनीने पाठीखाली हात घातला. पुन्हा डोळे घट्ट.

नजर एकीकडे जात होती आणि शब्द भलताच वाजत होता. "वहिनी, गेलं," मावशी म्हणाली. "मापं गेली. माझ्या हातून गेली."

वहिनी भिंतीला टेकली.

"कूस," कॉम्प्युटर म्हणत होता. "कूस. खोकला. खोकला. खोकला."

"बंद करा ते!" वहिनीने कानांवर हात ठेवले.

मावशीने वायर उपटायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. उजेड तीनदा. कूस तीनदा. खोकला तीनदा. तो काहीच मागत नव्हता. तो रांग पुरी करत होता.

"दादा, तू पाणी बघितलंस आणि उजेड वाजला?"

दादाने वर बघितलं.

"म्हणजे एकेक घर उजवीकडे सरकलंय. सगळीकडे सारखंच?"

दादाने डोळे मिटले, आणि लगेच पुढच्या रांगेकडे वळला.

तिने खुर्ची पुढे ओढली. पट्टी चुकीचं सांगत असेल तर सांगू दे, मधला दुभाषी तिचा स्वतःचा होता. नजर कुठे आहे आणि पट्टी कुठे म्हणते यातला फरक कळला की तो ड्रायव्हरमध्येच दुरुस्त करता येत होता. त्यासाठी कोपरे नकोत, दादाची नजर पोचते तेवढा पडदा पुरे. कडेचे चौकोन तिने आत ओढले. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तसं वहिनी पुढे आली, मऊ कापडाने डोळे टिपू लागली. थोड्या वेळाने तीच म्हणायला लागली, "परत. परत. आता शेजारचा."

शेवटी मावशीने हात की-बोर्डवरून काढले. "झालं असावं. बघ, दादा."

काहीच वाजलं नाही. दादाने डोळे मिटलेले होते. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलात का? अहो?"

डोळे उघडले आणि सावकाश खाली गेले, पडद्याच्या अगदी खालच्या रांगेत.

"पुरे," कॉम्प्युटर म्हणाला.

वहिनी मटकन पलंगाच्या कडेवर बसली. "परत म्हणा," ती म्हणाली. "परत."

"पुरे."