समुद्राकडे दिलेली उशी

ज्या गावात आपला एकही सोयरा नाही ते गाव देवाने नुसता नकाशा भरायला म्हणून निर्माण केलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझा मोठा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. मुक्काम सेलू. त्यांच्यासमोर कुठल्याही गावाचं नाव काढा, ते छताकडे बघून ओठ हलवतात आणि त्या गावाचा पत्ता नात्यात सांगतात. चुडावा हे त्यांच्या लेखी रेल्वेचं स्टेशन नाही, मावशीच्या नणंदेचं घर आहे. राणीसावरगाव म्हणजे धाकट्या चुलत्याची सासुरवाडी. परभणीला महत्त्व आहे ते जिल्ह्याचं ठिकाण म्हणून नव्हे, तिथे त्यांची मेव्हणी दिलेली आहे म्हणून. त्या मेव्हणीचा नवरा या नात्याने मीही त्यांच्या नकाशावर आहे, एवढंच माझं भाग्य.

आणि सोयरा आहे म्हटल्यावर त्याच्या दारावरून न थांबता पुढे जाणं हे साडूंच्या शास्त्रात महापाप. एकदा नांदेडला लग्नाला निघालेले साडू वाटेत पूर्णेला नुसतं तोंड दाखवायला उतरले, तिथून चुडाव्याला तोंड दाखवलं, आणि नांदेडला पोचले तेव्हा नवरी सासरी गेलेली होती आणि माणसं मांडवाचे बांबू सोडत होती. साडूंना त्याची काही खंत वाटली नाही. त्यांनी मांडववाल्याचं गाव विचारलं, त्याच्या मामाचं गाव विचारलं, आणि चुलतीच्या बाजूने नातं काढून त्याच्याच बरोबर चहा प्यायला बसले. चहाचंही त्यांचं शास्त्र आहे. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा म्हणायचं, कशाला तकलीफ. तिसऱ्यांदा आग्रह झाला की बशी पुढे करायची. जो पहिल्याच फटक्यात हो म्हणतो तो अधाशी, आणि जो दुसऱ्या नकारावर थांबतो तो चिक्कू.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. उभं आयुष्य त्यांनी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात घालवलं. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि प्रत सांगायची. डोळे झाकून दिला तरी कापूस कुठल्या शिवारातला, वेचताना दव होतं की ऊन, हे ते सांगत. निवृत्त झाले तरी बोटं काही निवृत्त झाली नाहीत. लग्नाच्या बैठकीत लोडाची शिवण उसवलेली दिसली की साडूंची चिमूट आत गेलीच. एकदा डॉक्टरने इंजेक्शन दिलेल्या जागी बोळा दाबला, तर यांनी तो काढून ओढून बघितला आणि हा कापूस ढिगात गरम झालेला होता असं डॉक्टरलाच सुनावलं. दंडातून रक्त येत होतं ते आक्कांनी पदराने पुसलं.

आक्कांना समुद्र बघायचा होता. लग्न झाल्या झाल्या साडूंनी मोठ्या हौसेने विचारलं होतं की तुला काय दाखवू, तेव्हा त्या लाजत समुद्र म्हणाल्या होत्या. माहेरी भिंतीवर एक कॅलेंडर होतं, वर्ष सरलं तरी कुणी काढलं नव्हतं, त्यावर त्यांनी समुद्र बघितला होता. साडू म्हणाले, बघू. आणि मग जन्मभर ते बघतच राहिले. कारण विचाराल तर ते अगदी सरळ होतं. "समुद्राकडं आपली एक बी लेक दिलेली न्हाई," ते म्हणायचे. "जायचं कुणाकडं?" हॉटेल हा शब्द काढला तर त्यांचा चेहरा पडायचा. पैसे देऊन झोपायला आपण काय बेवारस आहोत, असा त्यांचा प्रश्न असे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आक्कांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आता लांबवता येणार नाही असं सांगितलं. घरी आल्यावर आक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "गुडघे हायत तवर एकदा पाण्यात उभं ऱ्हायचंय. नंतर कोण नेतंय अन् कोण उभं करतंय." साडूंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा घेतला नाही. आणि आठवड्याभरात त्यांनी आपली जुनी गाडी धुवून दारात उभी केली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन कॅन आणि आक्का, असा ऐवज घेऊन दोघं निघाले.

लोक नकाशा बघून रस्ता आखतात, साडूंनी तो सोयऱ्यांवरून आखला. जालन्याला आत्या, संभाजीनगरला दोन चुलतभाऊ, वैजापूरला भाचीची सासू. प्रत्येक घरी जेवण, प्रत्येक घरी मुक्कामाचा आग्रह, आणि निघताना आक्कांची ओटी भरून यांना टॉवेल-टोपी. मला रोज फोन यायचा, आणि समुद्र कुठे आला विचारलं की उत्तर यायचं की आज येवल्यातच आहोत, व्याही सोडायलाच तयार नाहीत. नाशिकला पोचेपर्यंत गाडीची मागची सीट टॉवेल, टोप्या आणि खणांनी भरली होती आणि पायाशी ओटीतले नारळ गडगडत होते. साडू कोकणात नारळ घेऊन चालले होते.

नाशिकला त्यांच्या चुलत बहिणीच्या जावयाचा भाऊ एका वाइनच्या कारखान्यात नोकरीला आहे. म्हणजे तोही सोयराच. द्राक्षांच्या मळ्यातून तो या दोघांना आत घेऊन गेला. तिथे पाहुण्यांना चव घ्यायला देतात. काउंटरवरच्या बाईंनी तळाशी घोटभर लाल काहीतरी असलेला पेला साडूंपुढे ठेवला आणि घेणार का म्हणून विचारलं. साडू शास्त्राप्रमाणे म्हणाले, नको, आत्ताच झाला. बाई गोड हसल्या आणि पेला उचलून घेऊन गेल्या. साडू दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. ती वेळ आलीच नाही. असा अपमान त्यांच्या आयुष्यात झाला नव्हता. फोनवर मला म्हणाले, "एकदा न्हाई म्हटल्यावर कुणी उचलून नेतंय का? ह्याला काय पाहुणचार म्हंतेत?"

आक्कांनी मात्र पाहुण्याच्या घरचं नाकारू नये म्हणून पहिल्या फटक्यात हो म्हटलं. पहिला पेला काढ्यासारखा लागला. दुसरा बरा लागला. मग साडूंच्या वाटणीचा जो परत गेला होता तो त्यांनी मागवून घेतला, द्राक्षाचंच तर आहे म्हणाल्या. त्यानंतर किती झाले हे दोघंही सांगत नाहीत. गाडीत बसल्यावर साडूंनी कल्याणच्या मामेसासऱ्यांचा विषय काढला आणि जन्मभर ज्यांनी नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता त्या आक्का बोलायला लागल्या. तुमच्या सगळ्या सोयऱ्यांचे चहा पिऊन झाले, आता मधे कुणाचंही दार आलं तर मी उतरून चालत समुद्राला जाईन, असा त्याचा सारांश. कसाऱ्याचा घाट उतरून गाडी खाली आली तरी त्या बोलतच होत्या. कल्याणचे मामेसासरे हे साडूंनी आयुष्यात ओलांडलेलं पहिलं दार.

अखेर अलिबाग आलं, आणि समुद्रही आला. आता साडूंना नवाच घोर लागला. त्यांचा मला फोन आला की इथे आपलं कोण आहे. मी म्हणालो, कुणी नाही. गाडी पुढे निघाली. रेवदंड्याला फोन, तेच उत्तर, गाडी पुढे. उतरायचं ते कुणाच्या दारात, पाय धुवायचे कुणाच्या मोरीवर, ओलं लुगडं वाळत घालायचं कुणाच्या अंगणात, हे त्यांना काही केल्या सुचेना. त्यातून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे साडूंच्या बाजूला. आक्का नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला समुद्रापरीस तुझ्या दाजींचं नाकच जास्त दिसलं."

मुरुडला रस्त्यात एक म्हैस आडवी आली आणि गाडी थांबली. आक्का दार उघडून खाली उतरल्या, समोर घरगुती राहण्याची सोय अशी पाटी होती त्या अंगणात शिरल्या आणि खोली मागून मोकळ्या झाल्या. साडू मागोमाग धावले. त्यांनी घरमालकिणीला माहेर विचारलं, आजोळ विचारलं, जावांची गावं विचारली. त्या बाईंचा गोतावळा रोह्याच्या पलीकडे काही जाईना. साडू खचले. पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले की आता निघालो तर पुण्याला मावसभावाकडे जेवायला पोचू. आक्का खिडकीत उभ्या होत्या. माडांच्या मधून पाणी दिसत होतं.

साडूंचा हात सवयीने उशीकडे गेला. एका टोकाला शिवण उसवलेली होती. त्यांनी चिमूटभर कापूस काढला, अंगठ्यांत धरला आणि बराच वेळ बघितला. मग पिशवी खाली ठेवून म्हणाले, "आवं, ह्या उशीत आपल्या सेलूचा कापूस हाय. म्हंजे आपली लेक हितं दिलेली हाय की. आता थांबायला हरकत न्हाई."

ते दोघं तिथे चांगले चार-पाच दिवस राहिले. आक्का सकाळ-संध्याकाळ पाण्यात उभ्या राहायच्या आणि साडू काठावर त्यांच्या चपला हातात धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाव विचारायचे. दुसऱ्या दिवशी घरमालकीण परसात कापूस वाळवत होती, तेव्हा तिने आक्कांना मागचं सावरीचं झाड दाखवलं. घरातल्या साऱ्या उशा याच झाडाच्या कापसाच्या, असं ती कौतुकाने सांगत होती. आक्कांनी इकडेतिकडे बघितलं आणि तिचा हात धरला. "बाई, हे आमच्या माणसाला सांगू नका. उशी परकी निघाली तर ते दुपारीच गाडी काढतील." निघताना आक्कांनी गाडीतले सगळे नारळ घालून त्या माडांच्या मालकिणीची ओटी भरली. तिने हसत हसत एक उशी यांच्या गाडीत टाकली.

हे सगळं मला बायकोकडून कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो, आणि एक दिवस सेलूला गेल्यावर साडूंची फिरकी घ्यायची ठरवली. ओसरीवर बसलो असताना सहज म्हटलं, कोकणात म्हणे उशीत सावर भरतात. साडूंनी आधी मागे वळून आक्का आत आहेत ना ते बघितलं.

"पाव्हणं, सावर चिमटीत ठरत बी न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "उभा जलम म्या कापूस हाताळला, मला कळत न्हाई व्हय? पर ती खिडकीत उभी होती. काय तरी नातं काढावंच लागलं." मग परत आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "तिला सांगू नका. तिला खरंच वाटतंय."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आक्कांचं ऑपरेशन झालं आहे. त्या काठी घेऊन फाटकापर्यंत जातात, त्यापुढे काही जमेल असं आता वाटत नाही. आल्यागेल्याला साडू ती उशी दाखवतात आणि आपलीच आहे, माहेरपणाला आली आहे म्हणून सांगतात. आक्का मान डोलावतात. दुपारी त्या गुडघ्यांखाली तीच उशी घेऊन पडतात, आणि डोळे मिटले की पायाखालची वाळू सरकल्यासारखी वाटते म्हणतात. त्या दिवशीही त्या तशाच पडल्या होत्या. साडूंनी मला चहा विचारला. मी दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा बशी पुढे केली, आणि दोघांचंही गुपित पोटात ठेवून चहा पीत बसलो.