फिरती स्प्रिंग आणि खांद्यावरचा पंचा

मंडळी, आज सकाळी आमच्या मांडवीच्या खाणावळीची मोरी तुंबली. माशांचे खवले आणि भांडी घासायचा काथ्या पाइपात जाऊन बसलेला, आणि दुपारी जेवायला माणसं येणार.

दिरांनी मुंबईहून पाठवलेलं बॅटरीवरचं मशीन आज पहिल्यांदा बाहेर काढलं. त्याची लांब स्प्रिंग पाइपात गोल फिरते आणि अडकलेलं मोकळं करते. मी बॅटरी बसवली, स्प्रिंग अडेपर्यंत हाताने आत सरकवली आणि सोबत आलेले चामड्याचे हातमोजे आमच्या यांच्यापुढे धरले.

“ते ठेव गो बाजूला,” म्हणत यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्यानेच स्प्रिंग धरली. आमच्याकडे पंचा सगळ्याला चालतो. घाम पुसायला, गरम टोप उतरवायला, फणस धरायला.

मी बटण हळूच दाबलं, तरी स्प्रिंगने पंच्याचं टोक ओढलं आणि पीळ घालत यांचा हातही खेचायला लागली. मी झटकन बटण सोडलं. हात कसाबसा सुटला.

आधी बॅटरी काढली, मग पंचा कापून सोडवला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. यांनी गुपचूप मोजे घातले आणि थोड्या वेळात पाणी खळखळ निघून गेलं.

तुमच्या घरी असं मशीन चालवताना हातमोजे सोडून फडकं कोण धरतं, खरं सांगा.

दुपारी हे पाची बोटांनी भात कालवत होते. मी बघतच राहिले.

“काय बघतेस?”

“काही नाही. सार वाढू?”