चौथा रकाना

नाटकाच्या संस्थेत मी वीसेक वर्षं प्रॉपर्टी सांभाळली. प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या वस्तू: कंदील, तांब्या, काठी, बिघडलेला रेडिओ. माझ्या यादीला नेहमी चार रकाने असायचे. वस्तू कोणती, कुठल्या प्रवेशात लागते, कुठे ठेवली आहे आणि सध्या कोणाकडे आहे. पहिले तीन रकाने कोणीही भरेल. चौथा भरला नाही तर प्रयोगाच्या दिवशी कंदील एखाद्याच्या माळ्यावर राहतो आणि तो माणूस गावी गेलेला असतो.

या सवयीनेच पुढचं सगळं झालं, म्हणून आधी सांगितलं.

आमच्याकडच्या एका महापालिकेने शहराचं सांस्कृतिक धोरण करायचं ठरवलं. कोणत्या, ते लिहीत नाही. ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंत पालिका एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की रिक्षा कुठल्या हद्दीत आहे हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. धोरणाच्या सल्लागार समितीवर आमच्या संस्थेचा दिग्दर्शक नेमला गेला. तो संस्थेचा अध्यक्ष आणि माझा जुना मित्र. त्याच्या मुलीच्या लग्नात रुखवताची यादीही मीच केलेली. तो वर्तकनगरला राहतो, मी डोंबिवलीत. नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात तो घरी आला.

"अगं, हे लोक नुसते भाषण करतील. काम तूच करशील. चल समितीवर."

"मला काय कळतं धोरणातलं?"

"तुला कोण कुठे बसतं ते कळतं. तेवढं पुरे."

पहिल्या बैठकीत नव्या नाट्यगृहावर चर्चा झाली, महोत्सवावर झाली, चौकातल्या शिल्पावर तर सगळ्यात जास्त झाली. शेवटी मी विचारलं, "तालमी कुठे होतात याची कोणाकडे माहिती आहे का?" सांस्कृतिक विभागाचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे डेटा आहे?" मी म्हटलं, आणते.

त्यानंतरचे बरेच शनिवार-रविवार मी फिरले. भजनी मंडळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसायचं. कोकणातून आलेल्या माणसांचं एक दशावतारी मंडळ शहाडला बंद पडलेल्या गॅरेजात तालीम करायचं. एकांकिकावाली कॉलेजची मुलं समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. लेझीमवाल्या बायका पाण्याच्या टाकीखाली. परवानगी जवळजवळ कोणाकडेच नव्हती. कुठे शिपाई चांगला, कुठे सेक्रेटरीची बायको भजनात, कुठे रखवालदाराला गाण्याचा नाद. सगळं ओळखीवर चाललेलं. मी एकेक जागा वहीत उतरवत गेले: जागा, वार आणि वेळ, कोण बसतं. आणि चौथा रकाना आपसूकच आला: किल्ली कोणाकडे.

तेव्हाच मला ती आजी भेटली. खाडीकडच्या एका जुन्या गावठाणातली आगरी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. देवांना एकेक करून लग्नाला बोलावतात ते या गाण्यांतून. तिला ती तासन् तास पाठ होती, कागदावर एक ओळ नाही. दर रविवारी दुपारी ती चार मुलींना शिकवायची. एक नर्स होती, एक मॉलमध्ये कामाला, दोघी कॉलेजात.

शिकवायची पालिकेच्या शाळेत. मुलं कमी झाल्याने वरचा मजला रिकामा होता. शाळेचा शिपाई दुपारी खोली उघडून द्यायचा आणि स्वतः जिन्यात बसून ऐकायचा. घरी का नाही शिकवत, असं मी विचारलं. तिच्या सासूने तिला सांगून ठेवलेलं की ज्या घरात लग्न नाही त्या घरात धवला म्हणायचा नाही. हा नियम सगळ्यांचा होता की तिच्या सासूचा, मला माहीत नाही. पण तिच्यासाठी तो पक्का होता. म्हणजे ती खोली गेली की शिकवणं गेलं.

मी वही उघडली तशी ती सावध झाली.

"कागदाव कनाला लिवतस गो बाय?"

"आजी, कागदावर आलं की तुमची खोली पक्की होईल. कोणी उठवणार नाही."

"बोलतस तं लिव."

तिने शिपायाकडे बघितलं. त्याने मान हलवली आणि मी विचारलं तेव्हा आपलं पूर्ण नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं. वरचा पंखा बंद आहे, हेही लिहिलं. मला वाटलं, धोरण झालं की पंखा तरी दुरुस्त होईल.

यादी टाइप करून मी मित्राला मेल केली आणि फोनवर स्पष्ट सांगितलं, "चौथा रकाना फक्त आपल्यासाठी. समितीत मांडशील तेव्हा काढून टाक. नावं बाहेर जायला नकोत."

"ही काय मला सांगायची गोष्ट आहे का?" तो म्हणाला.

मसुदा समितीपुढे न येता थेट जाहीर झाला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. फोनवर उघडला. सुरुवातीला वारसा, समृद्ध परंपरा, मित्राचा फोटो. शेवटी परिशिष्ट. शीर्षक होतं, 'महापालिकेच्या मालमत्तांचा विनापरवाना वापर'. खाली माझी यादी. पालिकेच्या सगळ्या जागा माझ्याच क्रमाने, चारही रकान्यांसकट. 'वरचा पंखा बंद आहे' हेसुद्धा जसंच्या तसं. शिफारस अशी की या जागा ताब्यात घ्याव्यात आणि नोंदणीकृत संस्थांना ऑनलाइन पद्धतीने द्याव्यात. धोरण अजून मसुद्यातच होतं, पण ताब्यात घेण्याचं काम महिन्याभरात उरकलं. शाळेच्या वरच्या मजल्याला कुलूप लागलं. शिपायाला नोटीस मिळाली आणि त्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली.

मी थेट वर्तकनगरला गेले. त्याने दार उघडलं ते हसतच.

"ये ये. वाचलास मसुदा? आभारात तुझं नाव टाकलंय."

"चौथा रकाना काढायला सांगितलेला."

"कुठला?"

"नावांचा. किल्ली कोणाकडे."

"अगं, सांस्कृतिक विभागाच्या साहेबांनी यादी मागितली, मी मेल फॉरवर्ड केला. आता एकेक रकाना पुसत बसू का?"

"हो. पुसायचास."

"पुसला असता तर म्हणाले असते, माहिती लपवता. पारदर्शक धोरण आहे."

"शिपायाची बदली झाली, ती पण पारदर्शक आहे?"

त्याची बायको पोहे घेऊन आली आणि आमच्याकडे बघून परत आत गेली. त्याने दार पुढे लोटलं. मग म्हणाला, "तुझं ना, प्रॉपर्टीवाल्यांसारखं झालंय. वस्तू वस्तू मोजत बसतेस. अख्खं नाटक बघ की. शहराला पहिल्यांदा धोरण मिळतंय."

मला त्या क्षणी कळलं की त्याने मेल फॉरवर्ड करताना चौथा रकाना पाहिला होता. पाहिला नसता तर तो आधी 'अरे बापरे' म्हणाला असता. इतकी वर्षं मी त्याला विंगेतून बघितलंय. खरं दचकणं आणि ठरवून केलेलं दचकणं यातला फरक मला कळतो. आणि या वेळी तो दचकलाच नव्हता.

मी पोहे न खाता निघाले. मुदतीत हरकत नोंदवली, पोच घेतली. उत्तर आलं: नोंद घेण्यात आली आहे.

धोरणाच्या प्रकाशनाच्या आधी त्याचा फोन आला.

"तुझी ती आजी हवीय. लोककलेचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटं गाणं."

"तिची खोली बंद करून?"

"म्हणूनच तर! स्टेजवर आली की साहेबांसमोर विषय निघेल. आभार माझ्याकडे आहेत. मीच काढतो विषय. शब्द देतो."

मी पुन्हा विश्वास ठेवला. याचं कारण मी नंतर बरंच शोधलं. सापडलं ते एवढंच की मला आजीसमोर रिकाम्या हाताने जायचं नव्हतं.

खोलीचं बोलणं होईल एवढंच तिला सांगितलं. ती नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी घालून रिक्षात बसली. नाट्यगृह भरलेलं. सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली, निवेदिकेने माइक तिच्यापुढे धरला.

"आजी, आमच्यासाठी धवल्याच्या दोन ओळी!"

आजीने सभागृहावरून नजर फिरवली. "लगीन कोनाचं हाय?"

लोक हसले. निवेदिका हुशार होती. "समजा, आमच्या साहेबांचं!"

आणखी हसले. साहेबही हसले. आजी हसली नाही. "मंग नवरीला आना," म्हणाली आणि थांबली. खरंच वाट बघत उभी राहिली. निवेदिकेने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सगळ्यांनी वाजवल्या आणि कोणीतरी आजीला हात धरून खाली आणलं.

आभाराला मित्र उभा राहिला. साहेबांचे आभार, ध्वनिव्यवस्थेचे आभार, पुष्पगुच्छ देणाऱ्यांचे आभार. आजीबद्दल म्हणाला, "किती निरागस कलावंत आहे ही!" खोलीबद्दल एक शब्द नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्याने तीन वेळा त्या रांगेवरून नजर नेली आणि तिन्ही वेळा मला वगळून.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी आजीला सांगितलं.

"आजी, ती यादी माझी होती. शिपायाचं नाव मीच लिहिलेलं."

"मना ठाव हाय. जायच्या आदी त्यानं कागद दावला. पंख्याचा पन लिवलंस."

"मला वाटलं, खोली पक्की होईल."

"तू बोललेलीस तशी." ती शालीची घडी घालत होती. "मी तुना नाय बोलली नाय. त्यानं पन नाव सांगितलं. तुज्याव भरवसा ठेवला ना आमी."

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. रिक्षा आली, तिने मला 'बस' म्हटलं नाही आणि मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेचा राजीनामा दिला. माळ्यावरचं सगळं सामान याद्यांसकट सुपूर्द केलं आणि सही घेतली. मित्र सही करताना म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून?" मी म्हटलं, "शेवटच्या पानावरही सही हवीय." त्याने केली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. रंगमंचावर खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आणि मला ती आवडायची. विंगेत आली की ती खरं बोलतात, असं मी धरून चालले होते.

राहिली खोली. ती आता नोंदणीकृत संस्थेलाच मिळते, तर संस्था काढायची, असं मी ठरवलं. नोंदणीला किमान सात माणसं लागतात. चार मुली, आजी, मी. सहा जणी झालो, सातवं नाव शोधायचं होतं. मुलींना मी मॉलच्या बाहेर एकत्र गाठलं, अर्ज वाचून दाखवला. नर्स मुलगी म्हणाली, "मावशी, ह्या वेळी सगळे रकाने आम्ही बघणार." वाचले त्यांनी, मग सह्या केल्या.

आजीकडे गेले तेव्हा ती ओटीवर सुकट निवडत होती. अर्जाचं सांगितलं. हातातली मूठ निवडून झाल्यावर ती म्हणाली, "त्या शिपायानं नाव दिला तं मी देतंय. त्याच्या आदी नाय."

शिपायाकडे गेले. नवी शाळा लांब, दोन रिक्षा बदलून जावं लागतं. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं, आजीची तब्येत विचारली. मुली अजून गातात का, तेही विचारलं. मी म्हटलं, खोली नाही तर कुठे गाणार. मग अर्ज काढला.

त्याने हातसुद्धा पुढे केला नाही. "ताई, दुसरं काय पण सांगा. खोली झाडून देतो, सतरंजी घालून देतो, रविवारी स्वतः येतो. पण नाव नको."

"यात काही धोका नाही. मी स्वतः वाचलंय."

"तेव्हा पण तुम्हीच लिहिलेलं ना, ताई," तो म्हणाला. ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याचीच.

अर्ज माझ्याकडे आहे. चार मुलींच्या आणि माझी, पाच सह्या. उरलेल्या दोन ओळी भरायला डोंबिवलीत मला अर्धा तास लागणार नाही; शेजारपाजारचे, ऑफिसातले, कोणीही हसत सही करेल. पण मग आजी येणार नाही. ज्याच्यावर कागदामुळे संकट आलं, त्याने आधी होकार द्यायचा, ही तिची अट आहे. धोरणाच्या एवढ्या पानांत कोणालाही ती सुचली नाही, मलाही नाही. त्या दोन ओळी मी मोकळ्याच ठेवल्या आहेत.