आळीपाळीनं बोलणारे डबे

रसिकहो, अत्यंत गंभीर निवेदन! भर प्रयोगात आमच्या नाट्यगृहाचा एसी बंद पडला. मरणशय्येवरच्या महाराजांची, म्हणजे आमच्या नानांची, मिशी घामानं सुटू लागली. आता पडदा पाडावा लागणार!

एसी सांभाळणाऱ्या सविताताई विंगेत कुजबुजल्या, "अहो, एसीचे सगळे कंट्रोलर, म्हणजे हे डबे, एकाच तारेवर आपापला नंबर आला की आळीपाळीनं बोलतात. नव्या डब्याला कुणीतरी जुन्याचाच नंबर दिलाय. दोघं एकदम बोलतात, म्हणून सगळा गोंधळ." त्यांनी नंबर बदलला.

किती शहाणी तार! आमच्या घरी जेवताना चौघं एकदम बोलतात आणि आमटी अळणी आहे हे कुणालाच कळत नाही.

तेवढ्यात गार झुळूक आली. नाना भरल्या प्रेक्षागृहासमोर बोलून गेले, "आहाहा! आता निवांत मरतो!"