कोरी काच

वैशाखात वेणूचे लग्न झाले. श्रावणात तिचा नवरा गेला. या दोन्हींच्या मध्ये एके दिवशी मी एक वाक्य बोललो. ते खोटे होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही — आईला नाही, वेणूला तर नाहीच. परवा वेणूचे तेरावे झाले. आता तुम्हाला सांगतो.

वेणू माझी धाकटी बहीण. आमचे घर दिवेआगरला, सुपारीच्या वाडीत. तिचे सासर श्रीवर्धनचे. मी तेव्हा मुंबईला कॉलेजात होतो. सुट्टीला येताना एका मित्राचा कॅमेरा मागून आणला — लाकडी पेटी, तीन पायांची घोडी, काळे कापड. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना ती पेटी मी खलाशाच्या हातीसुद्धा दिली नाही. फोटो काढण्याची कला मी पुस्तकावरून शिकलो होतो. निदान मला तसे वाटत होते. आमच्या आळीत लग्नाचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. तो मी काढणार होतो — आणि त्याचा मला किती गर्व होता, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

लग्न सकाळी लागले. पंगती उठल्या. उन्हे कलली की गाड्या जुंपून निघायचे, असे व्याह्यांचे ठरले होते. मी त्यांना अडवून धरले. भर उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, सूर्य बुडण्याआधीचा उजेड मऊ असतो, चेहरे त्यातच चांगले येतात — पुस्तकातले होते नव्हते ते सगळे मी त्यांना ऐकवले. नवऱ्यामुलाचे काका खळ्यात येरझारा घालीत होते. "अहो मुंबईचे साहेब," ते म्हणाले, "तुमचा उजेड पिकेपर्यंत आमचे बैल म्हातारे व्हायचे!" मांडव हसला. मीही हसलो. पण ते मला लागले होते.

शेवटी उजेड आला. समुद्राकडून, पोफळींच्या खोडांमधून, आडवा. खळ्याच्या कडेला आंब्याखाली मी दोघांना उभे केले. केशवराव, वेणूचे यजमान, पुन्हा पुन्हा टोपी सारखी करीत होते. वेणूची मान खाली. मी म्हटले, वर बघ, आणि मी हात खाली करीपर्यंत हलू नकोस. त्या उजेडाला वेळ द्यावा लागतो. मग कापडाखाली शिरून पाहिले. तिथे माणसे उलटी दिसतात — पाय वर, डोके खाली. तशीसुद्धा ती दोघे मला फार चांगली दिसली.

फोटो जिच्यावर उमटतो ती काच बसवली. भिंगावरचे टोपण काढले, हात वर धरला. कुणी खोकलेसुद्धा नाही. वेणूची पापणी लवली नाही. मी टोपण लावले, हात खाली केला.

आता ऐका. ही काच एका चपट्या लाकडी चौकटीत असते, आणि तिच्यापुढे एक पातळ झडप असते. आधी झडप ओढून काढायची, मग टोपण. नाही तर काचेपर्यंत उजेड पोचतच नाही. झडप परत लावायला माझा हात गेला — आणि ती जागेवरच होती. मी ती काढलीच नव्हती.

काच कोरी होती. उजेड अजून होता. हात खाली आला तरी दोघे तशीच उभी होती, कारण मी काही बोललो नव्हतो. "पुन्हा एकदा" — एवढेच म्हणायचे होते. मी काकांकडे पाहिले. ते गाडीवानांना हाका मारीत होते. माझ्या मनात काय आले? आता हे काय म्हणतील, लोक कसे हसतील — एवढेच. दुसरे काही नाही.

"झाला," मी म्हणालो.

मग एका रात्री घरच्या कोठीत लाल कंदील घेऊन, दार लावून बसलो. काच धुण्याचे सोंग. बाहेर आई पोरांना दटावीत होती, "दार उघडू नका रे, आत वेणू उमटत्येय."

मुंबईला परतताना बोट श्रीवर्धनहून धरायची होती, म्हणून वेणूकडे गेलो. तिच्या सासूबाईंनी पाणी देता देताच विचारले, फोटो कुठाय? मी तयार होतो.

"बिघडला," म्हणालो. "वेणू हलली."

हेच ते वाक्य. काच फुटली म्हणता आले असते. औषध नासले म्हणता आले असते. मग तिचेच नाव का घेतले? ती उलट बोलणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून. तिचा लहान दीर ओरडला, "वहिनी, फोटोतनं पळालात की!" सगळी हसली. वेणू दाराशी उभी होती. ती पायाच्या बोटांकडे पाहत राहिली.

श्रावणात केशवराव तापाने गेले. बोटी बंद होत्या. पत्र मला उशिरा मिळाले. दिवाळीत गेलो तेव्हा वेणू लाल आलवणात होती. डोक्यावर केस नव्हते. सासूबाई माझ्या देखत म्हणाल्या — रागाने नाही, रडत — "क्षणभर नवऱ्याशेजारी स्थिर उभी राहिली नाही हो ही. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं." माझ्या हातात त्यांनीच दिलेला गडू होता. मी पाणी प्यालो.

ते बोलणे मग घरातून आळीत गेले, आळीतून देवळात. वेणू तिथे राहिली तोवर ते तिच्यामागे होते.

मिठाचा कायदा मोडला त्या साली मी तिला माहेरी आणले. तोवर मी गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. एका दुपारी सुपारी सोलताना ती म्हणाली, "दादा, यांच्या कानाशी तीळ होता. उजव्या की डाव्या? तू कापडातनं बघितलंस ना."

मला तीळ आठवतच नव्हता. मग ती म्हणाली, "मी खरंच हलले होते का रे? मुंगळा डसला होता पायाला. मागनं बघितलं तर रक्त आलेलं. तरी पाय हलवला नाही, असं मला वाटायचं."

आई जाऊन वर्ष झाले होते. घरात आम्ही दोघेच. भिण्याजोगे कुणी उरले नव्हते. मग तेव्हा मी कुणाला भ्यालो?

"थोडी हललीस," मी म्हणालो.

"मग हललेच असेन," ती म्हणाली, आणि पुढची सुपारी हातात घेतली.

त्यानंतरही आम्ही एकाच घरात राहिलो. कुठल्याही दिवशी सांगता आले असते. तिने तो विषय पुन्हा काढला नाही — शेवटच्या दुखण्यातही नाही. मीही नाही.

वेणू हलली नव्हती.

कॅमेरा मी मित्राला परत दिला. चौकट हरवली म्हणून सांगितले. ती माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागे आहे. झडप मी कधीच काढली नाही. आत काच आहे. काचेवर काही नाही.